थंडीतली कॉकटेल्स घरच्या घरी: गच्चीवरच्या थर्टी फर्स्टसाठी सल्ले हवेत

गोदाकाठी | १६ डिसेंबर, रात्री ९:४०

नाशिकला थंडी बरी पडली आहे. निफाडचा पारा रोज पेपरात पहिल्या पानावर, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर थर्टी फर्स्टचं ठरलंय: गच्ची, शेकोटी, हुरडा. खाण्याचं खातं पहिल्या मजल्यावरच्या वहिनींकडे, पिण्याचं आमच्याकडे. माणसं चौदा. त्यात चार अजिबात न घेणारी, दोन ज्येष्ठ "अर्धा चालेल" गटातले, बाकीचे रम-कोक संप्रदायाचे.

यंदा कोकच्या दोन लिटरी बाटल्यांच्या पलीकडे जायचंय. पण बारचं सामान घरात नाही. शेकर नाही, मापं नाहीत. व्हर्मुथ, बिटर्स, निळी-हिरवी लिक्युअर आणून ती वर्षभर कपाटात धूळ खात ठेवायची इच्छाही नाही. घरात आहे ते एवढंच: ओल्ड मंक रमचा एक खंबा (७५० मिलीची बाटली), एक जिन, आणि इथल्याच शिराझ वाइनच्या दोन-तीन बाटल्या.

माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की आहे. आपल्याकडे घेणारे, न घेणारे, गुरुवार पाळणारे, औषधं चालू असणारे, सगळे एकाच सतरंजीवर बसतात. मोठ्या पातेल्यात दारू ओतून पंच केला की यातले निम्मे बाद होतात आणि त्यांच्या हातात तेच कोक येतं. म्हणून आधी झकास बिनदारूचा बेस करायचा, गरम असेल तर फ्लास्कमध्ये, गार असेल तर जगमध्ये. दारू ज्याच्या त्याच्या पेल्यात, मोजून. मुलांनाही तेच, आजींनाही तेच, वास आणि मसाला सगळ्यांचा एक.

या चौकटीत बसतील अशा पाकृ द्या. नेटवरच्या नकोत, तुम्ही स्वतः केलेल्या द्या.

पेठेतला | १६ डिसेंबर, रात्री ९:५८

बाकी सगळं मान्य, रम-कोकला संप्रदाय म्हटल्याचा निषेध. (दिवे घ्या.) पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

काकवीवाली | १६ डिसेंबर, रात्री १०:२५

गरम टॉडीपासून, म्हणजे मसाल्याच्या गोड गरम पाण्यातल्या रमपासून, सुरू करा की हो. थंडीत गच्चीवर गार पेला धरून बसायला लोक काय वेडे आहेत का!

सगळे मध सांगतील. मी काकवी सांगते. आमच्याकडं कोल्हापूर भागात आत्ता गुऱ्हाळं पेटलेली असतात, ताजी काकवी मिळते. आणि रम म्हणजे उसाच्या मळीचीच लेक, काकवीशी तिचं जमतंच. मधाला स्वतःचा फुलांचा वास असतो, तो आल्या-दालचिनीशी भांडतो. हे माझं मत, ज्याला मध आवडतो त्यानं घालावा.

दहा पेल्यांचा बेस: सव्वा लिटर पाणी, दोन इंच आलं ठेचून, गवती चहाची सहा-सात पाती गाठ मारून, दालचिनीच्या दोन काड्या, आठ लवंगा, चार वेलदोडे किंचित फोडून. उकळी आली की झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं, जास्त नको. लवंग जास्त उकळली की दातांच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. गॅस बंद करून अर्धी वाटी काकवी ढवळा, गाळा, फ्लास्कात भरा.

लिंबू फ्लास्कात घालायचं नाही. गरम पाण्यात तासभर राहिलेलं लिंबू शिळं लागतं. पेल्यात दोन चमचे लिंबूरस, एक छोटा पेग रम (३० मिली, फार तर ४५), वरून १२० मिली बेस, आणि किसणीवर दोनदा ओढलेलं जायफळ. न घेणाऱ्यांच्या पेल्यात रम सोडून सगळं. जायफळ चिमटीच्या वर जाऊ देऊ नका, जास्त झालं तर ते बाधतं.

पेला काचेचा असेल तर आत स्टीलचा चमचा उभा ठेवून मग ओता, तडकत नाही. स्टीलचे पेले नकोत, ओठ भाजतात.

गोदाकाठी | १६ डिसेंबर, रात्री १०:४१

ताई, हेच हवं होतं. काकवी नाही मिळाली तर गूळ किसून घातला तर चालेल ना?

काकवीवाली | १६ डिसेंबर, रात्री १०:५०

चालतंय की. काळपट, बिनरसायनाचा घ्या आणि वेगळा विरघळवून फडक्यातनं गाळा, चिपाडाचे कण निघतात. शंभर ग्रॅम गुळाला शंभर मिली पाणी, विरघळला की उतरवायचा. पाक करायचा नाही!

सामान_कमी | १७ डिसेंबर, सकाळी ८:१५

पाकाचा मुद्दा साखरेलाही लागू. कॉकटेलचं साखरपाणी म्हणजे एक वाटी साखर, एक वाटी पाणी, विरघळेपर्यंत तापवून बंद. गुलाबजामच्या सवयीने एकतारीपर्यंत नेलं की गार पेल्यात ते तळाशी जाऊन बसतं, बर्फाला चिकटतं.

बारच्या सामानाशिवाय माझं व्यवस्थित चालतं. शेकरच्या जागी स्टीलची साधी, एका पत्र्याची पाण्याची बाटली. बर्फ, रस, जिन घालून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायची, बाहेरून दव धरलं आणि हात बधिर झाला की झालं. थर्मास-बाटलीत आत काय चाललंय ते हाताला कळत नाही. गाळायला चहाची गाळणी. ठेचायला खलबत्त्यातला बत्ता, फक्त आधी घासून घ्या, नाहीतर स्ट्रॉबेरीला लसणीचा वास. मापाला खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं टोपण, त्यावर मिलीच्या रेघा असतात. छोटा पेग ३०, मोठा ६०, एवढं लक्षात ठेवलं की परदेशी पाकृसुद्धा वाचता येतात, कारण त्यांचा औंस जवळजवळ आपला छोटा पेगच आहे.

आणि बर्फ. फ्रीजच्या ट्रेमधले बारीक तुकडे भराभर वितळतात. स्टीलच्या लहान वाट्यांत पाणी गोठवा, एका पेल्याला एक मोठा गोळा पुरतो.

कधी हलवायचं आणि कधी ढवळायचं: फळाचा किंवा लिंबाचा रस असेल तर हलवायचं. नुसती दारू आणि थोडा पाक असेल तर बर्फावर चमच्याने ढवळायचं. सोडा, टॉनिक, कोणतंही फसफसणारं आणि कोणतंही गरम, बंद बाटलीत घालून हलवू नका. झाकण छताला लागेल.

पेठेतला | १७ डिसेंबर, सकाळी ८:३२

टोपणाची आयडिया भारी. वाचनखूण साठवली.

म्हापसेकर | १७ डिसेंबर, दुपारी १:१०

नाताळाच्या दिवसांत गोव्याचं नाव कोणी काढलं नाही, म्हणून आलो.

हुर्राक विचारू नका, आत्ता मिळायची नाही. काजूची बोंडं उन्हाळ्यात, हुर्राक पण तेव्हाच, पहिल्या धारेची आणि सौम्य. आत्ता मिळते ती फेणी. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून शहरातल्या बारवाल्यांनाही ती आठवली. तिचा वास घराच्या दारातूनच कळतो, म्हणून नवख्या माणसाला नुसती देऊ नका.

आमचा घरचा प्रकार: उभट पेला, काठाला मीठ, एक हिरवी मिरची उभी चिरून, लिंबाची फोड पिळून आत, ४५ मिली फेणी, बर्फ, वरून लिम्का. झालं. याला कॉकटेल म्हणायला आमचे जुने लोक तयार नाहीत, पण बाहेर याचेच पाचशे रुपये घेतात.

थंडीसाठी म्हणाल तर कोकमाचं आगळ घ्या. चार चमचे आगळ, तीन चमचे गुळाचं पाणी, ठेचलेली अर्धी मिरची, चिमूट मीठ, पाऊण पेला पाणी. हा तुमचा बेस झाला. फेणी घालणाऱ्याने घालावी. आगळात मीठ असतंच, म्हणून आधी चाखा आणि मग मीठ.

पोर्ट वाइनही विसरू नका. नाताळात दोदोल-नेवऱ्यांच्या ताटाशेजारी आमच्याकडे तिचा छोटा पेला असतोच, एरवी न घेणाऱ्या बायकाही घेतात. ती गोड असते. मसाला घालून कोमट केली तर साखर-गूळ काही लागत नाही.

एक सांगून ठेवतो. इथली बाटली गाडीत टाकून नाशिकला नेणार असाल तर परवान्याचं बघून घ्या. डिसेंबरात तुमचं उत्पादन शुल्क खातं नाक्यांवर गाड्या उघडून बघतं.

संत्रीवाला | १७ डिसेंबर, दुपारी ३:०५

आम्ही पडलो वर्ध्याचे. जिल्ह्यातच बंदी, त्यामुळं हा धागा आम्ही वाचूनच नशा करून राहिलो. पण बिनदारूच्या बेसची गोष्ट निघाली म्हणून लिहितो, संत्र्यांबद्दल बोलायचा हक्क आमचाच आहे.

आत्ता आंबिया बहाराचं संत्रं बाजारात आहे. रसापेक्षा सालीत जास्त मजा आहे हे लोकांना समजतच नाही. पाच-सहा संत्र्यांची साल घ्या (धुऊन, पुसून), आतले पांढरे धागे चमच्यानं खरवडा, आपल्या संत्र्याला ते कमीच असतात. सालीचे तुकडे एका वाडग्यात पाऊण वाटी साखरेबरोबर हातानं चांगले चुरा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी साखर ओली होऊन तेल सुटलेलं दिसेल. त्यात दोन लिंबांचा रस घालून ढवळा, साल काढून टाका. हा अर्क दोन चमचे आणि वर सोडा. बास. बाजारातल्या कोणत्याही ऑरेंज ड्रिंकची गरज नाही. पिणाऱ्यांनी यात जिन घालावी असं ऐकून आहे.

रस मात्र आयत्या वेळीच काढा. संत्र्याचा रस काढून ठेवला की कडू होत जातो, बिया चिरडल्या तर आणखी लवकर. सकाळी जगभर रस काढून ठेवलात तर रात्री फेकावा लागेल.

गोदाकाठी | १७ डिसेंबर, दुपारी ४:२०

हा अर्क आज रात्रीच करून बघतो. संत्रीवाले भाऊ, तुमच्यासाठी गच्चीवर एक खुर्ची राखीव.

इसारकाठी | १७ डिसेंबर, सायंकाळी ७:३०

म्युनिकहून. तुमची बिनदारूच्या बेसची कल्पना इथे रस्त्यावर बघायला मिळते. नाताळ-बाजारात प्रत्येक टपरीवर दोन पातेली असतात: एकात ग्ल्यूवाइन, म्हणजे मसाला घातलेली गरम वाइन, दुसऱ्यात किंडरपुन्श, म्हणजे फळांचा रस, फळांचा चहा आणि तोच मसाला. मग तुमच्या हातात जाडजूड मग येतो, त्याची अनामत आधी भरायची, मग परत दिला की पैसे परत. दोन्ही पेयांना बऱ्याचदा तोच मग, त्यामुळे कोण काय पितंय हे कोणाला कळत नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्या आणि गाडी चालवणाऱ्या लोकांची केवढी सोय!

पण एका बाबतीत वाद घालते. वाइनला तुमचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे वाइन हाच बेस आहे, ती वरून पेल्यात घातली तर चव पाणचट होते. युरोपातल्या नियमात तर ग्ल्यूवाइनमध्ये वरून पाणी ओतायलाच बंदी आहे आणि अल्कोहोल किमान ७ टक्के लागतं. म्हणून मी मसाल्याचा अर्क वेगळा करते आणि तो दोन पातेल्यांत वाटते.

एका बाटलीला लागणारा अर्क: एका संत्र्याचा रस आणि थोडं पाणी मिळून अर्धी वाटी, साखर किंवा गूळ चार मोठे चमचे, दालचिनीची एक काडी, पाच लवंगा, एक चक्रीफूल, संत्र्याच्या सालीच्या दोन पट्ट्या. हे दहा मिनिटं मंद उकळायचं. मसाल्याला जे काही उकळायचं ते इथेच उकळू द्या. मग त्यात वाइन ओतायची आणि वाफा दिसू लागल्या की आच अगदी बारीक. वाइनला उकळी फुटू द्यायची नाही. शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, म्हणजे उकळत्या पातेल्यातून तुमचे पैसे खिडकीबाहेर जातात, आणि उरतं ते तुरट. दुसऱ्या पातेल्यात तोच अर्क आणि वाइनऐवजी सफरचंदाचा किंवा काळ्या द्राक्षांचा रस.

पातेलं स्टीलचं. ॲल्युमिनियम नको, पितळी तर कल्हईचं असलं तरी नको, वाइन आंबट असते.

गोदाकाठी | १७ डिसेंबर, रात्री ८:०२

हे पटलं, नियमात दुरुस्ती मंजूर. वाइन कोणती घेऊ? इथे द्राक्षबागांच्या गावात राहून हे विचारायला लाज वाटते, पण विचारतो.

इसारकाठी | १७ डिसेंबर, रात्री ८:३०

शिराझ अगदी योग्य, तिच्यात मिरीसारखा तिखटपणा असतोच. साधी, स्वस्तातली घ्या. महागडी बाटली लवंगेखाली पुरायची म्हणजे शुद्ध उधळपट्टी. फक्त उघडून चार दिवस फ्रीजबाहेर राहिलेली घालू नका, आंबलेलं मसाल्याने झाकलं जात नाही.

अवांतर: स्वीडनवाले पेल्यात मनुका आणि सोललेले बदाम टाकतात आणि शेवटी चमच्याने खातात. आपल्याकडे हे हमखास चालेल. मनुका नाशिकच्याच घाला.

साधक | १७ डिसेंबर, रात्री ९:१५

या संस्थळावर आता दारूच्या पाककृतीही येणार का? सण म्हटला की पिणं आलंच पाहिजे, हे कोणी ठरवलं? तरुण मुलं वाचतात इथे.

पेठेतला | १७ डिसेंबर, रात्री ९:१९

आला, आला. कोणीतरी येणारच होतं.

गोदाकाठी | १७ डिसेंबर, रात्री ९:४८

पेठेतले, जरा दमानं. साधककाका, तुमचा आक्षेप गैर नाही. पण धागा पुन्हा वाचलात तर दिसेल, इथल्या बहुतेक पाकृ दारू वगळून पूर्ण होतात. न घेणाऱ्याला "तू कोक घे रे" म्हणून कोपऱ्यात बसवू नये, एवढ्यासाठीच मी हे काढलं. तुम्ही आलात तर तुम्हाला काकवीवाल्या ताईंचा पेला, रमशिवाय. आणि मुलांना पाजण्याचा प्रश्नच नाही.

परवानेवाला | १७ डिसेंबर, रात्री १०:१०

वयाचा विषय निघालाच आहे तर: महाराष्ट्रात वाइन आणि बिअरला २१, रम-व्हिस्की-जिनसारख्या कडक दारूला २५ पूर्ण लागतात. सोसायटीतली कॉलेजची पोरं "आम्ही मोठे झालो" म्हणाली तरी रमच्या बाटलीपासून लांब. शिवाय कायद्याने पिण्याचा परवाना लागतो. एक दिवसाचा विदेशी मद्याचा पाच रुपयांत दुकानातच मिळतो, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. आमच्याकडे आजन्म आहे, फ्रेम करून ठेवला आहे.

आणि गच्चीवरून खाली उतरून गाडीत बसणार असाल तर मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. मोठ्या पेगने ती बहुतेकांची ओलांडली जाते. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

वैद्यकीय_अवांतर | १७ डिसेंबर, रात्री ११:०५

डॉक्टर आहे, थंडीचा विषय आहे, म्हणून दोन शब्द. दारूने ऊब येते हा भास आहे. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त बाहेरच्या बाजूला येतं, गाल-हात ऊन वाटतात, पण शरीराच्या आतली उष्णता त्या वाटेने बाहेर पडत असते. गच्चीवर रात्री बारानंतर स्वेटर काढणारा तो हाच. ज्येष्ठांच्या बाबतीत हे नीट लक्षात ठेवा, शाल त्यांच्या अंगावर राहू द्या.

दुसरं, गरम आणि गोड पेयात दारू कळत नाही. ४२.८ टक्क्यांच्या रमचा ६० मिलीचा पेग म्हणजे साधारण २० ग्रॅम अल्कोहोल. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निस्तरतं. म्हणजे एका मोठ्या पेगला दोन ते तीन तास. काकवीवाल्या ताईंनी ३० मिली लिहिलंय ते योग्यच आहे. पेल्यात मोजून घालण्याची धागाकर्त्याची पद्धत मला म्हणूनच आवडली, पातेल्यातल्या पंचमध्ये किती गेली याचा हिशेब कोणालाच लागत नाही.

मेट्रोनिडाझोल, झोपेच्या गोळ्या, मधुमेहाच्या काही गोळ्या, इन्सुलिन यांपैकी काही चालू असेल तर दारू नको, किंवा आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. "अर्धा चालेल"वाल्या दोघांना हे विचाराच.

जर्सीची_आत्या | १८ डिसेंबर, सकाळी ६:५०

अमेरिकेत नाताळ म्हणजे एगनॉग. लिहिणार होते, पण आपल्याकडे कच्च्या अंड्याचं नाव काढलं की निम्मी पंगत उठते, आणि ते बरोबरच आहे, कच्च्या अंड्यात साल्मोनेलाची भीती असते. करायचंच तर दूध-अंडं-साखर मंद आचेवर ७१ अंशांपर्यंत शिजवायचं, चमच्याच्या पाठीला लेप बसला की उतरवायचं. घरात थर्मामीटर नसेल तर त्या फंदात पडू नका.

त्यापेक्षा पोर्तो रिकोचं कोकितो करा. इथे शेजारणीने शिकवलं आणि पहिल्या घोटात मला नारळीभात आठवला. अंडं बहुतेक घरांत घालतच नाहीत. दोन वाट्या दाट नारळाचं दूध (सोलकढीला काढतो ते पहिलं दूध), मिल्कमेडचा अर्धा डबा, वेलची-दालचिनीची पूड, जायफळ, चिमूट मीठ. मिक्सरमधून काढून फ्रीजमध्ये चार तास. तिथे लोक रम आधीच बाटलीत घालून मुरवतात. तुमच्या नियमाप्रमाणे वरून घाला, दीड छोट्या पेगला शंभर मिली. लहान पेल्यात द्यायचं, पोटभरीचं असतं. नारळाचं दूध गार झालं की वर तूप धरल्यासारखं होतं, ओतण्याआधी बाटली हलवा. बिनरमचं दोन दिवसांत संपवा.

काकवीवाली | १८ डिसेंबर, सकाळी ९:०५

आत्या, यात मिल्कमेडऐवजी काकवी घातली तर?

जर्सीची_आत्या | १८ डिसेंबर, सकाळी ९:३०

रंग चिखलासारखा येईल, चव झकास येईल. अंधारात द्या!

सामान_कमी | १८ डिसेंबर, दुपारी १२:२०

धागाकर्त्याच्या जिनचं काय? तिच्यासाठी गार बेस. दहा पेल्यांना २०० मिली लिंबूरस, २०० मिली साखरपाणी, २०० मिली साधं पाणी. आपली लिंबं लहान, पंधरा-वीस लागतील. हे साधं पाणी का, तर बाटलीत बर्फाबरोबर हलवताना जे पाणी सुटतं ते इथे आधीच घालून टाकायचं, म्हणजे चौदा जणांसाठी बाटली हलवत बसावं लागत नाही. जग फ्रीजमध्ये बर्फगार करा. पेल्यात ६० मिली बेस, ४५ मिली जिन, एक मोठा बर्फ. न घेणाऱ्यांना ६० मिली बेस आणि वर सोडा.

यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ठेचून घातली की रंगही सणासारखा. पाव किलो पुरते. डिसेंबरातली सुरुवातीची फळं कधी आंबट असतात, चाखून साखरपाणी वाढवा. किंवा संत्रीवाल्यांचा अर्क साखरपाण्याच्या जागी घाला, मला तो जास्त आवडेल.

आणि पेरू! काठाला लिंबू फिरवून मीठ-तिखटात बुडवलेला पेला, पेरूचा रस, लिंबू. शाळेबाहेरच्या गाडीवरचा पेरू. व्होडका घाला वा घालू नका.

मुरंबा | १८ डिसेंबर, दुपारी २:४५

सगळे बेस-बेस करताय, पण काही चवी पाण्यात उतरतच नाहीत, त्यांना दारूच लागते. ओल्ड मंकच्या एका क्वार्टरमध्ये संत्र्याच्या सालीच्या दोन पट्ट्या, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि दोनच लवंगा टाका, दोन दिवसांनी गाळा. लवंगा एका दिवसात काढल्या तरी चालेल. मग लिंबू-बिंबू काही नको: ६० मिली ही रम, एक छोटा चमचा काकवी, मोठा बर्फ, पंधरा-वीस वेळा ढवळायचं, वर सालीची पट्टी पेल्यावर पिरगळायची. सालीतलं तेल वर उडतं, काडी पेटवून त्यावर पिरगळलं तर ठिणग्या उडतात, पोरं टाळ्या वाजवतात. बाहेरून आणलेल्या संत्र्यांवर मेण असतं, गरम पाण्याने घासून घ्या.

हा प्रकार फक्त घेणाऱ्यांचा आणि एकच पेला. डॉक्टरसाहेबांचे वीस ग्रॅम यात एका फटक्यात.

गोदाकाठी | १९ डिसेंबर, रात्री ९:००

ठरलं. फ्लास्कात काकवीची टॉडी, दोन पातेल्यांत इसारकाठी यांचा अर्क (एकात शिराझ, एकात द्राक्षरस), जगमध्ये संत्र्याच्या अर्काचा लिंबू-बेस. कोकितो एक बाटली, फक्त जेवणानंतर. मुरंबा यांची रम चौघांसाठी. फेणी पुढच्या गोवा फेरीला, परवान्यासकट.

खंब्यात ३० मिलीचे २५ पेग बसतात, एका वाइनच्या बाटलीत १२५ मिलीचे सहा पेले. दहा घेणारे आहेत, म्हणजे अजून काही आणायला नको. उलट उरेल.

आता एकच प्रश्न. उरलेल्या पाकांचं, अर्कांचं काय?

काकवीवाली | १९ डिसेंबर, रात्री ९:२५

गुळाचं पाणी काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये दोन आठवडे राहतंय. फेस दिसला की टाका, आंबायला लागलंय. काकवीला काही होत नाही, ती पोळीबरोबर संपतेच. टॉडीचा बेस दुसऱ्या दिवशी सकाळी चहापत्ती घालून उकळा, रात्री जागलेल्यांना तेच हवं असतंय.

संत्रीवाला | १९ डिसेंबर, रात्री ९:४०

संत्र्याचा अर्क आठवडाभर. काढलेली साल फेकू नका, साखरेत घोळून वाळवा, पोरं खातात.

इसारकाठी | १९ डिसेंबर, रात्री १०:१५

उरलेली मसाला-वाइन गाळून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा कोमट करता येते, तिसऱ्या दिवशी नाही. तेव्हा त्यात पेरू किंवा नासपती शिजवा आणि आइस्क्रीमबरोबर द्या.

पेठेतला | १९ डिसेंबर, रात्री १०:३१

गोदाकाठी, उरलेला खंबा कोणाच्या घरी ठेवणार ते सांगितलं नाहीत. पुण्याहून गाडीने साडेचार तास लागतात.